राहिलेला भागाकार

दिवाळी अंकासाठी तुमच्या धंद्यातले गमतीदार किस्से लिहून द्या, असा निरोप आला. गमतीदार किस्से माझ्याकडे आहेत. त्यातले दोन आधी सांगून टाकतो, म्हणजे संपादकांचं मन राखल्यासारखं होईल. तिसरा गमतीदार नाही, पण लिहायला बसलो तो त्याच्यासाठीच.

मी नागपुरात सदतीस वर्षं इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर होतो. परवान्याचा. परवान्याचा हा शब्द आम्ही जरा ठासूनच म्हणतो, कारण बिनपरवान्याचे गल्लोगल्ली आहेत आणि लोकांना दोघांतला फरक कळत नाही. नवं घर बांधलं की वायरिंग करणं, अर्थिंगचा खड्डा करणं, सगळं तपासून टेस्ट रिपोर्टवर सही करणं हे आमचं काम. ती सही असल्याशिवाय मीटर लागत नाही. बाकी वर्षभर मग 'भाऊ, पंखा आवाज करून राहिला' आणि 'भाऊ, बटण गरम होते' हे चालूच.

बाहेरच्या माणसाला वाटतं की या कामात फार अक्कल लागते. तसं काही नाही. विजेचे तीन आकडे असतात. वीज किती जोराने ढकलली जाते ते व्होल्ट, किती वाहते ते अँपिअर, आणि वाटेत किती अडते ते ओहम. पहिले दोन आम्ही यंत्राने मोजतो. त्यांचा गुणाकार केला की वॅट मिळतात, म्हणजे वस्तू किती वीज खाते ते. व्होल्टला अँपिअरने भागलं की ओहम मिळतात, म्हणजे विजेला अडथळा किती आहे ते. एक गुणाकार आणि एक भागाकार, एवढ्यावर मी घर चालवलं, पोरीचं लग्न केलं.

गिऱ्हाइकाला गुणाकारच हवा असतो. मनीषनगरला एक निवृत्त बँकवाले होते. दुकानदाराने दोन हजार वॅटचा गीझर सांगून फसवलं, पाणी तापतच नाही, म्हणून मला बोलावलं. हातात वही घेऊन माझ्या शेजारी उभे. मी मोजलं तर त्या सकाळी त्यांच्या घरात व्होल्टेजच एकशे नव्वद. गीझरमधून सात अँपिअर वाहत होते. एकशे नव्वद गुणिले सात, तेराशेतीस वॅट. म्हटलं, "गीझर खोटा नाही जी. त्याच्या पोटातली तार सत्तावीस ओहमची आहे, ती कुठं बदलत नाही. वरून जोरच कमी येऊन राहिला, तर तो तरी काय करीन?" त्यांनी वहीत दोनदा गुणून पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे चूक कोणाचीच नाही?" मी नाही म्हटलं तर माणूस इतका हिरमुसला की मला चहा विचारायचा राहिला.

दुसरा किस्सा हिंगण्याचा. तिथल्या एका कारखान्यात रंग वाळवायची भट्टी होती, तिच्यात एक हजार वॅटचे सहा हीटर. रंग नीट वाळेना. फोरमन पूर्ण भट्टी उघडायच्या तयारीत, शिफ्ट खोळंबलेली. मी बाहेरूनच टाँग टेस्टर तारेला लावला. हे चिमट्यासारखं यंत्र तारेभोवती धरलं की आतून किती अँपिअर जातात ते दिसतं. सहा हीटरचे सव्वीस हवेत, दिसले पावणेबावीस. म्हटलं, "एकच हीटर मेला आहे. पाच ठीक आहेत." उघडलं तर तसंच. फोरमन म्हणाला, "तुम्ही तर डॉक्टर निघाले भाऊ, पोट न फाडता सांगितलं." हे वाक्य मी पुढं कित्येक वर्षं मिरवलं. बायकोला इतकं पाठ झालं होतं की मी 'हिंगण्याला एकदा' म्हटलं की ती उठून स्वयंपाकघरात जायची.

आता तिसरी गोष्ट.

टेस्ट रिपोर्टच्या छापील फॉर्मात एक चौकोन असतो, त्यात अर्थिंगचे ओहम लिहायचे. अर्थिंग म्हणजे घरातल्या सगळ्या लोखंडी वस्तूंच्या अंगावरून एक हिरवी तार निघते आणि अंगणात खोल पुरलेल्या पाइपाला जाऊन मिळते. फ्रिजच्या किंवा कूलरच्या अंगात चुकून वीज उतरली तर ती या तारेतून जमिनीत जावी, आणि इतक्या जोरात जावी की भाराने मेनबोर्डावरचं बटण आपोआप पडावं. त्यासाठी जमिनीचा अडथळा अगदी कमी लागतो. तो मोजायचं यंत्र पेटीएवढं असतं. अंगणात दूरवर दोन खिळे ठोका, तारा लांबवा, हँडल फिरवा, अर्धा तास जातो. म्हणून ते कोणी मोजत नव्हतं. माझ्या ओळखीतले सगळे टेबलाशी बसून आकडा लिहायचे. नुसते दोन लिहिले तर मनानं लिहिल्यासारखे वाटतात, म्हणून मी एक पूर्णांक आठ लिहायचो. शेकडो घरांच्या फॉर्मवर माझ्या अक्षरात एक पूर्णांक आठ आहे.

बेसा भागात राऊतसाहेबांनी घर बांधलं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, नवरा-बायको दोघंच, मुलगा निखिल पुण्याला नोकरीत. काम माझ्याकडे होतं. अर्थिंगचा खड्डा खणायला माझा जुना मजूर शंकर होता. मी दुसऱ्या साइटवर असताना त्याचा फोन आला. "भाऊ, तीन फुटावर खडक लागला. सब्बल चालून नाही राहिली. काय करू?"

पाइप आठ फुटांचा होता. खडक लागला तर जागा बदलायची, नाहीतर मशीन लावून बोअर मारायचा. दोन्हीला दिवस मोडतो. मी म्हटलं, "काप."

"किती कापू?"

"बसते तेवढा ठेव न गा. वरून माती घाल, झाकण बसव."

शंकरने हॅकसॉने पाच फूट कापून टाकले. संध्याकाळी मी फॉर्मवर एक पूर्णांक आठ लिहून सही केली. आठ दिवसांत मीटर लागलं. राऊत वहिनींनी गृहप्रवेशाला मला पहिल्या पंगतीत बसवलं आणि आग्रह करून पुरणपोळी वाढली.

दोन उन्हाळे गेले. तिसऱ्या मे महिन्यात वहिनींचा फोन आला. "भाऊ, मीटर बहुत पळून राहिलं. घरात आम्ही दोघंच, अन् युनिट पाहा कसे चढून राहिले. येऊन पाहता का जरा?"

दुपारी दोनला पोचलो. डोक्यावर दुपट्टा बांधलेला, अजून चार घरं बाकी. हॉलच्या खिडकीत बाहेरून लोखंडी कूलर चालू होता. वहिनी टेबलावर इस्त्री करत होत्या, बोलता बोलता त्यांनी ती उभी करून ठेवली. मी मेनबोर्ड उघडला. कूलर, फ्रिज आणि हॉलचे प्लग एकाच तारेवर होते. चिमटा लावला, सहा अँपिअरच्या थोडं वर. व्होल्टेज दोनशे चोवीस. मी मनात गुणाकार केला, चौदाशेच्या आसपास. कूलर दोनशे, फ्रिज दोनशे, इस्त्री हजार. जुळलं.

"सगळं बरोबर आहे वहिनी. इस्त्री खाते वीज."

"इस्त्री तर मी रोज नाही करत."

"मग फ्रिज म्हातारा झाला असन. कूलरले करंट वगैरे नाही न लागत?"

राऊतसाहेब आरामखुर्चीतून म्हणाले, "नाही जी. पाणी भरताना मी चप्पल घालूनच जातो न." आणि हसले.

नागपुरातला प्रत्येक माणूस हेच उत्तर देतो. कूलरमध्ये पाणी भरताना रबरी चप्पल घालायची, हे आमच्याकडे मुलांना बाराखडीच्या आधी शिकवतात. चप्पल घातल्यावर करंट आहे की नाही हे त्यांना कसं कळणार होतं, हा साधा प्रश्न मला पडायला हवा होता. मी निघालो. वहिनींनी पन्हं दिलं ते उभ्याउभ्याच प्यायलो.

त्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमारास, राऊतसाहेब बाहेर जाऊन पाइपाने कूलरमध्ये पाणी भरत होते. वहिनींनी त्यांच्या चपला धुऊन कंपाउंडच्या भिंतीवर वाळत ठेवल्या होत्या. ते तसेच अनवाणी गेले. पायाखाली चिखल होता. त्यांचा हात कूलरला लागला आणि सुटला नाही.

मी पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि साहेबांना नेलेलं होतं. कूलरचा पत्रा मी स्वतः उघडला. पंख्याला जाणारी तार पत्र्याच्या कडेवर घासून सोलली होती. फार दिवसांपासून घासत असणार. मी तिथंच उकिडवा बसलो आणि मला ती इस्त्री आठवली. इस्त्री तापली की आपोआप बंद होते आणि तिच्यावरचा लहान दिवा विझतो. मी चिमटा लावला तेव्हा तो दिवा विझलेला होता. मी पाहिला होता. पाहूनही हजार वॅट इस्त्रीच्या नावावर मांडले होते, कारण गुणाकार जुळत होता.

ते वॅट जमिनीत जात होते. सव्वाचार-साडेचार अँपिअर हिरव्या तारेतून त्या तीन फुटी पाइपाला. तोच चिमटा मी शेजारच्या हिरव्या तारेला लावला असता तर आकडा समोर आला असता. मग त्या आकड्याने दोनशे चोवीसला भागायचं, एक्कावन्न येतात. एक्कावन्न ओहमचं अर्थिंग म्हणजे नसल्यासारखंच. वीज जमिनीत मुरत राहते, मीटर पळत राहतं, सोळा अँपिअरचं बटण काही पडत नाही, आणि कूलरचं अंग दिवसभर जिवंत राहतं. फॉर्मवर लिहिले तसे खरंच एक पूर्णांक आठ ओहम असते, तर तार सोलली त्याच क्षणी सव्वाशे अँपिअर धावले असते आणि पापणी लवायच्या आत बटण पडलं असतं. वहिनींनी मला कूलर चालत नाही म्हणून बोलावलं असतं.

सरकारी तपासणीला एक वयस्कर इन्स्पेक्टर साहेब आले. त्यांनी खिळे ठोकून, हँडल फिरवून मोजलं. पन्नासच्या वर आले. मग माझा रिपोर्ट काढला.

"यात तर एक पूर्णांक आठ आहे."

मी खाली वाकलो आणि खिळ्यांना जोडलेली तार गुंडाळायला लागलो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना समजलं असावं, पण माणूस भला होता, किंवा थकलेला. म्हणाले, "उन्हाळ्यात माती वाळते. आकडा चढतो. नाही का?"

"हो साहेब. वाळते."

यात खोटं काहीच नव्हतं. माती वाळते. अहवालात आलं, जमीन कोरडी पडल्याने अर्थिंग कमकुवत, मयत अनवाणी, हात ओले. झाकण उचलून पाइप उपसून पाहायचं कोणाला सुचलं नाही. खड्ड्यात मीठ-पाणी ओतून आकडा तेवढ्यापुरता खाली आणला, आणि करंट गळला की लगेच पडणारं एक बटण मी माझ्या खर्चाने बसवून दिलं. वहिनी तेव्हा म्हणाल्या, "तुमच्यासारखे मानसं कुठं राहिले भाऊ."

तेरवीला गेलो होतो. पंगती उठल्यावर निखिल अहवालाचा कागद हातात घेऊन आईसमोर उभा राहिला. मोठ्याने बोलला नाही. "आई, चपला त्याच दिवशी काहून धुतल्या?" एवढंच म्हणाला. वहिनींनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. दहा-बारा नातेवाईक ऐकत होते, आणि मीही द्रोण हातात धरून ऐकत होतो. तेव्हा बोलायला हवं होतं. मी नळावर जाऊन हात धुतले आणि घरी गेलो.

त्यानंतर मी प्रत्येक खड्डा मोजला. ओहम मोजायची ती पेटी स्कूटरच्या पुढ्यात बांधून फिरायचो. सोबतचे चिडवायचे, "भाऊ म्हातारपणी कायद्याचे झाले." दोनदा तर मी घरमालकाशी भांडून पुन्हा बोअर मारायला लावला. या सगळ्याने माझ्या मनाला बरं वाटलं असेल असं कोणाला वाटत असेल, तर त्याने तसं समजू नये. काहीच बरं वाटलं नाही. पाच वर्षांनी परवाना परत केला.

या एप्रिलमध्ये वहिनींचा फोन आला. म्हणजे त्या गोष्टीला सात वर्षं होत आली. निखिल एसी पाठवतोय, लावायच्या आधी वायरिंग पाहून द्या म्हणाल्या. मी म्हटलं, मी आता काम सोडलं, दुसरा चांगला माणूस देतो.

"नाही न भाऊ. माह्या घरात विजेले दुसऱ्या कोणाले मी हात नाही लावू देत. मले भरोसा फक्त तुमचा आहे."

गेलो. सोबत शंकर आणि बोअर मारणारे दोघं. घरात सात उन्हाळे कूलर नव्हता, खिडकीला पुठ्ठा ठोकलेला. वहिनी वाळल्या होत्या. मी विचारलं, निखिल येतो का? "येते न. दिवाळीले येते दोन दिवस. फोन करते महिन्यातून. काम राह्यते त्याले." मग म्हणाल्या, "चांगला आहे पोरगा. पण माह्यासंगं बोलाले त्याले जमत नाही. मी तरी काय सांगू? चपला तर म्याच धुतल्या होत्या."

मी अंगणात जाऊन पेटी लावली. आकडा साठ. नवा खड्डा दुसरीकडे करायचा होता, जुना बुजवायचा होता. मी काही बोलायच्या आत शंकरने जुना पाइप हलवून उपसला आणि अंगणाच्या फरशीवर टाकला. तीन फुटांचा तुकडा. खालचं टोक हॅकसॉने कापलेलं, जरा तिरपं. शेजारी नवा आठ फुटी पाइप पडलेला होताच.

वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या. दोन्ही पाइपांकडे पाहिलं. "एवढाच होता का हा, भाऊ?"

शंकरने मान खाली घातली. जमीन पाइप गिळते, तो गंजून झडतो, असं मी काहीही सांगू शकलो असतो. त्यांनी ऐकलं असतं. अजूनही माझा भरोसाच होता त्यांना.

"नाही वहिनी," मी म्हटलं. "मी कापायले लावला होता."

मग सगळं सांगितलं. फॉर्मवरचा आकडा, खडक, इस्त्रीचा विझलेला दिवा. त्यांना कळेल की नाही म्हणून खडूने फरशीवर मांडून दाखवलं, दोनशे चोवीस भागिले एक्कावन्न, आणि दोनशे चोवीस भागिले एक पूर्णांक आठ. चपलेचा यात संबंध नाही म्हटलं. चप्पल नसतानाही माणूस जगावा म्हणूनच हा पाइप पुरतात. चहा ट्रेमध्ये तसाच राहिला.

वहिनी वाकून फरशीवरचे आकडे पाहत होत्या. मला वाटलं रडतील किंवा शिव्या देतील. मी दोन्हीची तयारी केली होती.

"तुमी त्या दुपारी आले होते," त्या म्हणाल्या. "तेव्हा हे कराले किती वेळ लागला असता?"

"अर्धा मिनिट."

"अन् तेरवीले? सांगाले?"

मी हातातला खडू खाली ठेवला. त्या आत गेल्या, फोन लावून आणला आणि माझ्यासमोर धरला. "निखिल आहे. आता मले सांगतलं तसंच त्याले सांगा. पूर्ण सांगा."

मी सांगितलं. शंकर आणि बोअरवाले काम थांबवून उभे होते. मध्ये मला दोनदा वाटलं की फोन कटला. सगळं संपल्यावर निखिल म्हणाला, "तुमच्याशी मी नंतर बोलतो. आईले द्या."

वहिनींनी फोन कानाला लावला आणि ओट्यावर बसल्या. तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. 

"हो. जेवली न," त्या म्हणाल्या. "तू जेवला का बाबू?"